रेषेचा नियम आणि रेषेचा लोप : पदमसी व मालानी यांच्या ॲनिमेशनपटांविषयी

प्रदर्शनाच्या दालनात चित्रे मांडलेली असतात, आणि त्याच दालनाच्या एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा उद्घाटनाच्या सायंकाळी शेजारच्या सभागृहात त्याच चित्रकाराचा एखादा छोटा ॲनिमेशनपट दाखविला जातो. हा प्रघात आता सर्वत्र रूढ झाला आहे. अशा पटाचे मूल्यमापन मात्र क्वचितच होते. परीक्षणे चित्रांची होतात. पटाचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात, ‘याखेरीज एक चित्रपटही दाखविण्यात आला’ अशा स्वरूपात येतो. ग्रंथाच्या परिशिष्टाला जे स्थान तेच प्रदर्शनात या पटाला मिळते. चित्रे पाहून झाल्यावर वेळ उरला तर ते पाहावे, न उरला तर काही हानी नाही, अशी समजूत त्यामागे आहे. ती चुकीची आहे. चित्रकार स्थिर प्रतिमेकडून हालत्या प्रतिमेकडे वळतो तेव्हा भिंतीवरील चित्राचा अर्थही पूर्वीचा राहत नाही, आणि हा बदल सर्व चित्रकारांच्या बाबतीत एकाच दिशेने होत नाही. या दृष्टीने अकबर पदमसी व नलिनी मालानी यांचे प्रयोग शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. दोघेही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. दोघांच्याही पहिल्या पटांचा जन्म एकाच जागी, मुंबईच्या नेपियन सी रोडवरील एका सदनिकेत झाला. इतके साम्य असूनही त्यांच्या वाटा परस्परविरुद्ध आहेत.

ॲनिमेशनला मराठीत अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द लाभलेला नाही. ‘व्यंगपट’ हा जुना शब्द त्यातील विनोदाचा तेवढा अंश पकडतो; ‘सचेतनपट’ हा अर्थदृष्ट्या बरा असला तरी बोलण्यात रुळला नाही. शब्दाची ही अडचण निव्वळ भाषिक नव्हे. महाराष्ट्रात हा प्रकार जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा पट केला होता; पुण्यात आलेल्या प्रभात कंपनीने १९३४ साली ‘जंबू काका’ काढला. पुढे १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपट विभाग निघाला आणि डिस्ने संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुणांना शिक्षण दिले. तथापि मौज आणि शासकीय प्रबोधन या दोन कामांपलीकडे या माध्यमाला काही करता येईल, असा विचार त्या काळी फारसा कोणी केलेला दिसत नाही. अपवाद प्रमोद पती यांचा. त्यांच्या ‘अबिद’ (१९७२) या पटात चित्रकार आबिद सुरती एका खोलीत आपल्या चित्रांसह स्वतःच ॲनिमेशनचा विषय होऊन बसतात. परंतु तेथे पट दिग्दर्शकाचा आहे, चित्रकाराचा नव्हे. चित्रकाराने स्वतःच्या चित्रविचाराच्या गरजेतून या माध्यमाकडे वळणे ही गोष्ट निराळी, आणि ती पदमसींपासून सुरू होते.

१९६९ मध्ये पदमसींना जवाहरलाल नेहरू अभ्यासवृत्ती मिळाली. त्या पैशांतून त्यांनी उपरोक्त सदनिकेत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ ही कार्यशाळा उभी केली. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटकार यांनी एकमेकांची साधने हाताळून पाहावीत हा तिचा हेतू होता. पुण्याच्या चित्रपट संस्थेतून शिकून बाहेर पडलेले मणी कौल व कुमार शहानी यांचाही तिच्याशी संबंध आला. कार्यशाळा १९७२ पर्यंत, म्हणजे जेमतेम तीन वर्षे चालली. तिच्यातून निघालेले पटही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण त्यांतील एक ‘सिझिजी’ (१९७०) होय.

‘सिझिजी’ हा काळा-पांढरा, ध्वनिविरहित, सोळा मिलिमीटरवरील पट. त्यात कथा नाही, आकृती नाही, निसर्ग नाही. बिंदू आहेत, त्यांना जोडणाऱ्या रेषा आहेत, अक्षरे व अंक आहेत. एका ठरीव नियमानुसार रेषांची एक रचना उभी राहते. तिच्यातून दुसरी निघते. दुसरीच्या शक्यता संपल्या की तिसरी. यासाठी पदमसींनी हजाराच्या घरात रेखाटने केली, आणि त्यांना गती देण्याचे काम राम मोहन यांनी केले. राम मोहन हे फिल्म्स डिव्हिजनच्या त्याच व्यंगपट विभागात घडलेले. पुढे १९९२ च्या जपानी-भारतीय रामायणपटाशी त्यांचे नाव जोडले गेले. माकडे-हरणे चालविणाऱ्या हाताने येथे नुसते बिंदू चालविले.

‘सिझिजी’ हे नाव खगोलशास्त्रातले आहे. सूर्य, चंद्र व पृथ्वी एका सरळ रेषेत येण्याच्या स्थितीला ही संज्ञा लावतात. युती आणि प्रतियुती या दोहोंना ती समान लागू पडते. म्हणजे अमावास्या व पौर्णिमा, ज्या आपल्या पंचांगात परस्परविरुद्ध टोकांना आहेत, त्या या शब्दात एकाच नावाखाली येतात. हे नाव ध्यानात ठेवून पदमसींची त्याच सुमारास सुरू झालेली ‘मेटास्केप’ ही तैलचित्रमालिका पाहावी. जमीन, पाणी, डोंगर यांचा आभास देणारी पण कोणत्याही स्थळाची नसलेली ही निसर्गचित्रे. त्यांपैकी कित्येकांत सूर्य आणि चंद्र एकाच आकाशात आहेत. या कल्पनेचे मूळ पदमसींनी ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या नांदीत सांगितले आहे. शिवाच्या अष्टमूर्तींची तेथील गणना सर्वांस परिचित आहे. तीत सूर्य व चंद्र यांची नावे येत नाहीत, कालाचे विधान करणाऱ्या दोन मूर्ती एवढाच त्यांचा निर्देश येतो. पदमसींना जे भावले ते हेच असावे. सूर्य-चंद्र त्यांना दृश्य वस्तू म्हणून नको होते, कालमापनाची दोन चिन्हे म्हणून हवे होते. ‘मेटास्केप’मध्ये काल असा चिन्हरूपाने गोठलेला आहे, आणि ‘सिझिजी’मध्ये चिन्हे वगळून केवळ काल उरला आहे. रंगाच्या जाड थरांनी भरलेले ते भव्य फलक आणि हा कृश, कोरडा पट यांत बाह्य साम्य काहीच नाही. तरीही पट पाहिल्याखेरीज त्या चित्रांतील सूर्य-चंद्र केवळ शोभेचे वाटण्याचा धोका आहे. चित्रांना जो नियम धरून ठेवतो तो पटात उघडा पडतो.

मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घटनेचे लयतत्त्व सांगताना संवाद, विरोध व समतोल अशी तीन सूत्रे मांडली हे येथील वाचकांना सांगावयास नको. संवेदनांच्या परस्परसंबंधांतून, आशयाची मदत न घेता, कलाकृती सिद्ध होते हा त्यांचा आग्रह होता, आणि त्या आग्रहाला ‘सिझिजी’ इतके शुद्ध उदाहरण भारतीय कलेत क्वचितच सापडेल. मर्ढेकर १९५६ मध्येच निवर्तले; तो पट त्यांनी पाहिला असता तर काय म्हटले असते, हा तर्क येथे नको. परंतु त्यांचीच कसोटी लावली असता पटाची उणीव स्पष्ट होते. त्यात संवाद आहे. एका रचनेतून पुढची रचना ज्या अपरिहार्यतेने येते तीत मनाला बौद्धिक सुख आहे. समतोलही आहे. विरोध मात्र नाही. नियम एकदा ठरला की त्याला अडविणारे, वाकविणारे, चुकविणारे असे काहीच पटात प्रवेश करीत नाही. त्यामुळे काही वेळाने प्रेक्षकाला रचना दिसत राहतात, पण अपेक्षा उरत नाही. सांगीतिक भाषेत बोलायचे तर येथे आवर्तने आहेत, समेची ओढ नाही. पदमसींच्या उत्तम चित्रांत विरोधाचे हे काम रंग करतो. १९५९-६० च्या करड्या चित्रांत रंगाचा त्याग केला असतानाही ते काम करड्याच्या छटा करीत होत्या. पटात त्यांनी तेवढाही आधार ठेवला नाही. म्हणून ‘सिझिजी’ हा स्वतंत्र चित्रपट म्हणून कोरडा आणि चित्रांशेजारी ठेवला असता अत्यंत बोलका, असा दुहेरी निर्णय द्यावा लागतो. आपल्या प्रदर्शनापासून त्याला तोडून दाखविणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

रंगाचा प्रयोग पदमसींनी दुसऱ्या पटात केला होता. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ (१९६९) हा तो रंगीत पट. त्याची एकच प्रत होती व ती हरवली. २०१६ मध्ये अशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन त्याच नावाचा एक पट केला. तो हरवलेल्या पटाचा शोधही आहे आणि त्याची एक नवी आवृत्तीही. २०२० च्या जानेवारीत पदमसी निवर्तले. ज्या काळात त्यांच्या साध्या रेखाटनालाही चौकट, क्रमांक व विम्याचे संरक्षण मिळाले, त्याच काळात त्यांचा एक संपूर्ण पट नाहीसा होऊ शकला. परिशिष्ट मानण्याच्या वृत्तीचा परिणाम केवळ परीक्षणांपुरता राहत नाही तो असा.

नलिनी मालानी या कार्यशाळेत आल्या तेव्हा २३ वर्षांच्या होत्या. १९४६ साली कराचीत जन्म, फाळणीनंतर कुटुंबाचे स्थलांतर, प्रथम कलकत्ता व मग मुंबई, असा त्यांचा पूर्ववृत्तांत आहे. १९६९ मध्ये त्यांनी ‘ड्रीम हाउसेस’ हा आठ मिलिमीटरचा रंगीत पट केला. पुठ्ठ्याच्या घरांचा एक छोटा नमुना, त्यावर बदलत जाणारा रंगीत प्रकाश, आणि एकेक चौकट थांबवून केलेले छायांकन, एवढीच त्याची सामग्री. भिंती नारंगी होतात, निळ्या होतात, एकमेकींत विरतात. घर असे कुठेच स्थिर राहत नाही, राहतो तो घराचा उत्साह. त्या वर्षांचे वातावरण लक्षात घेतले पाहिजे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याची कल्पना १९६५ मध्ये ‘मार्ग’मधून मांडली होती, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. वास्तुशिल्पी नव्या समाजाचा आराखडा काढू शकतो हा विश्वास हवेत होता, आणि पुठ्ठ्याचा तो नमुना त्याच विश्वासाने उजळलेला आहे.

सात वर्षांनी, १९७६ मध्ये, मालानींनी या पटाला दुसरा पट जोडला. तो काळा-पांढरा, त्यात एक तरुणी उंचावरून खालच्या शहराकडे, त्यातील झोपड्यांकडे पाहत आहे. दोन्ही पट शेजारी-शेजारी एकाच वेळी दाखविले जातात आणि जोडीचे नाव ‘युटोपिया’ (१९६९-७६) असे आहे. ॲनिमेशन आणि छायांकित वास्तव यांची ही जोडणी फार नेमकी आहे. ती ‘स्वप्न व भंग’ एवढ्या सोप्या अर्थात बसविली जाते, ते पुरेसे नाही. दुसरा पट पहिल्याला खोटे पाडत नाही. पहिल्यात कोण नव्हते ते सांगतो. ॲनिमेशनच्या प्रक्रियेतच त्या अनुपस्थितीचे कारण आहे. एकेक चौकट थांबवून चित्रण करावयाचे तर मेज आधी मोकळे करावे लागते, प्रकाश बंदिस्त करावा लागतो, आणि दोन चौकटींच्या मध्ये कोणी हललेले चालत नाही. नगररचनेच्या नमुन्यालाही हेच लागते.

पुणे जिल्ह्यातील अभ्यासकाने हे विधान तपासण्यासाठी मुंबईला जाण्याची आवश्यकता नाही. मुळशी तालुका पुरेसा आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी मुळा-नीळेच्या खोऱ्यात धरण योजिले, तेव्हा १९२१ मध्ये तेथील मावळ्यांनी सत्याग्रह केला. विनायकराव भुस्कुटे व सेनापती बापट त्याचे नेते होते. धरण झाले, भातखाचरे बुडाली. पुढच्या शतकाच्या आरंभी त्याच तालुक्यातील डोंगरांत, वरसगाव जलाशयाच्या काठी, लवासा हे नवे नगर योजिले गेले. दासवे येथील घाटाची व घरांची रंगीत रांग इटलीतील पोर्तोफिनो या बंदराच्या धर्तीवर आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला, वर्षभराने सशर्त परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. मालानींच्या पटाचा यांपैकी कशाशीही प्रत्यक्ष संबंध नाही आणि तसा तो दाखविण्याचा अट्टहासही नको. परंतु जलाशयाच्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या नारंगी-पिवळ्या दर्शनी भिंती ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ‘ड्रीम हाउसेस’मधील रंग केवळ बाउहाउसच्या रंगसिद्धांताचा अभ्यास म्हणून पाहता येणार नाहीत. नमुन्याचा प्रकाश लोभस असतो. १९६९ मध्ये तो त्या तरुण चित्रकर्तीलाही लोभस वाटला होता, आणि तिने तो लोभ पटातून काढून टाकला नाही. ‘युटोपिया’चा प्रामाणिकपणा याच ठिकाणी आहे.

यानंतर मालानी बराच काळ मुख्यतः चित्रकलेकडे राहिल्या. ॲनिमेशनकडे त्या परतल्या त्या वेगळ्याच वाटेने, आणि त्या वाटेचा आरंभ एका भिंतीपाशी आहे. १९९२ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे प्रदर्शन केले. नाथद्वारा येथील जुन्या भित्तिचित्रांची झालेली नासाडी हे त्याचे निमित्त. दालनाच्या भिंतींवर त्यांनी प्रत्यक्ष चित्रे काढली. प्रदर्शन पंधरवडाभर चालले. नंतर भिंतींवर पांढरा रंग फिरविण्यात आला. विकत घेण्याजोगे काहीही उरले नाही. गॅलरी हे विक्रीचे स्थान आहे हे ध्यानात घेतले म्हणजे या कृतीचा रोख कळतो. पण तिचा कलात्मक अर्थ त्याहून दूरचा आहे: चित्राचे पुसले जाणे हा आता अपघात राहिला नाही, तो चित्राचाच शेवटचा भाग झाला.

१९९६ मधील ‘मेमरी : रेकॉर्ड/इरेझ’ हा ॲनिमेशनपट याच विचाराची दुसरी बाजू होय. त्याला आधार ब्रेख्तच्या एका कथेचा. नोकरीच्या शोधातील पती मरण पावतो; त्याची पत्नी त्याचे कपडे घालून, त्याचे नाव घेऊन त्याच्या जागी पहारेकरी म्हणून काम करते; काही वर्षांनी एका अपघातामुळे ती उघडी पडते. मालानींनी ही कथा रेखाटने काढत, पुसत आणि त्याच जागी पुन्हा काढत सांगितली आहे. तंत्र व कथा यांची इतकी एकरूपता क्वचित साधते. ज्या स्त्रीला जगण्यासाठी स्वतःला पुसून दुसऱ्या कोणाला आपल्यावर रेखाटावे लागते, तिची कथा पुसण्याच्या तंत्रातच सांगता येते. आणि पुसलेल्या रेषेचा जो मळ कागदावर राहतो तोच येथे तिचा पूर्वीचा चेहरा होतो. ‘सिझिजी’त जो विरोध नव्हता तो येथे प्रत्येक चौकटीत आहे, कारण नवी रेषा जुनीला मारल्यावाचून उमटत नाही.

या संदर्भात दक्षिण आफ्रिकेतील विल्यम केंट्रिज यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९८९ पासून त्यांनी कोळशाच्या रेखाटनांतून केलेले पट प्रसिद्ध आहेत. तेही एकाच कागदावर काढतात, पुसतात, पुन्हा काढतात. पण केंट्रिज यांच्या प्रदर्शनात पटाशेजारी ती रेखाटने चौकटीत टांगलेली असतात. प्रत्येक कागद म्हणजे एका प्रसंगाची अखेरची अवस्था. तेथे चित्र हे पटाचा अवशेष आहे, आणि तो अवशेष संग्राह्य वस्तू होतो. मालानींच्या भित्तिचित्रांच्या बाबतीत तसा अवशेषही शिल्लक ठेवलेला नाही. तेथे प्रेक्षकाची स्मृती हाच एकमेव संग्रह. पदमसींची हजार रेखाटने पटात एकामागून एक सुखरूप येतात, एकीला दुसरीचा धक्का लागत नाही. गतीचे हे तीन प्रकार ‘ॲनिमेशन’ या एका शब्दाखाली येतात म्हणून ते एक ठरत नाहीत.

मालानींच्या अलीकडच्या कामाविषयी मात्र एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. काचेऐवजी व कागदाऐवजी त्या आता टॅब्लेटच्या पडद्यावर बोटाने रेखाटतात. २०१८-२० मधील ‘कॅन यू हिअर मी?’ या कामात अशी ८८ छोटी ॲनिमेशने नऊ प्रक्षेपकांनी भिंतींवर एकाच वेळी, एकमेकांवर सरकत दाखविली जातात. लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत ते २०२० मध्ये प्रदर्शित झाले. त्याच्या मुळाशी २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या, कठुआतील आठ वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराची घटना आहे. क्षोभ खरा आहे, रेषाही पूर्वीइतकीच तीक्ष्ण आहे. पण टॅब्लेटवर पुसले म्हणजे मळ राहत नाही. काढलेली रेषा क्षणात पूर्णतः नाहीशी होते आणि पडदा कोरा होतो. पुसण्यातील जो प्रतिकार १९९६ च्या पटाला बळ देत होता तो साधनानेच हिरावून घेतला आहे. त्याची भरपाई संख्येने करण्याचा प्रयत्न होतो, आणि नऊ भिंतींच्या गलबल्यात एकेका प्रतिमेला दम धरण्यास जागा मिळत नाही. कोलाहल हाच या कामाचा आशय आहे, असे याचे समर्थन करतात. ते काही अंशी मान्य करूनही, दोनच पडद्यांवरचा ‘युटोपिया’ प्रेक्षकाच्या मनात जितका टिकतो तितके हे काम टिकत नाही, असे म्हणावे लागते. २०२२-२३ मध्ये बाथ येथे व लंडनच्या नॅशनल गॅलरीत झालेल्या ‘माय रिॲलिटी इज डिफरंट’ या कामात ही अडचण काहीशी दूर झाली आहे. तेथे त्यांनी त्या संग्रहांतील जुन्या युरोपीय चित्रांच्या प्रतिमांवर रेखाटन केले. खाली कॅराव्हॅज्जिओसारख्याचे चित्र असले की वरच्या रेषेला झगडण्यास पुन्हा काहीतरी कठीण मिळते. प्रतिकार कागदाने द्यावा की दुसऱ्या चित्राने, हा भेद येथे गौण ठरतो.

प्रदर्शन आणि पट यांची मांडणी करणाऱ्यांनी यातून काही व्यवहार्य गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. ‘सिझिजी’ला आरंभ व अंत आहे, नियम कोठून सुरू झाला हे न पाहता मधूनच आलेल्या प्रेक्षकाला त्यात रेषांखेरीज काही दिसणार नाही. तो ठरीव वेळी, बसून, अंधारात दाखवावा आणि प्रेक्षकाला लगेच ‘मेटास्केप’कडे न्यावे. ‘युटोपिया’ अखंड फिरता ठेवला तरी चालेल, मात्र दोन पडदे एका नजरेत मावतील इतक्याच अंतरावर हवेत. तो एकामागून एक असा दाखविणे म्हणजे त्याला मोडणे होय. ‘मेमरी : रेकॉर्ड/इरेझ’शेजारी चित्रे टांगण्याचा मोह आवरावा. शेजारची भिंत कोरी ठेवावी, आणि शक्य असेल तर तिच्यावर आदल्या प्रदर्शनाच्या खिळ्यांची भोके तशीच राहू द्यावीत.